स्वयंपाकघरातले भौतिक आणि रासायनिक बदल: मुलांसोबत कसे ओळखावेत, कुठे फसायला होतं

मागच्या वर्षी आमची मुलगी सातवीत होती. सामान्य विज्ञानात भौतिक आणि रासायनिक बदलांचा धडा झाला आणि घरून करून आणायला काम मिळालं: स्वयंपाकघरातले दहा बदल लिहा आणि प्रत्येकापुढे भौतिक की रासायनिक ते लिहा. तिने पाच मिनिटांत यादी केली. 'कांदा चिरणे' यापुढे 'भौतिक' असं लिहिलं, तेव्हा मी ओट्यापाशी कांदाच चिरत होते. माझ्या डोळ्यांतून वाहणारं पाणी बघून तिने विचारलं, "आई, नुसते तुकडेच होतायत ना? मग झोंबतंय काय?"

त्या एका प्रश्नामागे आमचे तीन रविवार गेले. पुस्तकातली व्याख्या सोपी आहे. भौतिक बदलात पदार्थाचं रूप, आकार, अवस्था बदलते, पण पदार्थ तोच राहतो; रासायनिक बदलात नवा पदार्थ तयार होतो. अडचण येते ती ही व्याख्या चहाला, भाकरीला, दह्याला लावताना. आम्ही जिथे जिथे अडलो, ते सगळं क्रमाने लिहिते आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना घेऊन एखाद्या सुट्टीत हे सगळं करता येतं आणि बहुतेक सामान घरात असतंच.

आधी जमवायचं सामान

- एक कोरी वही आणि घड्याळ
- ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकाचा काटा
- काचेचे पाच-सहा ग्लास किंवा वाट्या (स्टीलच्या भांड्यात रंगातला फरक नीट कळत नाही)
- मीठ, साखर, हळद, दोन-तीन लिंबं, खाण्याचा सोडा, मोहरी
- पानाला लावतात तो चुना, एक छोटी डबी
- टिंक्चर आयोडीन. औषधाच्या दुकानात न मिळाल्यास जखमेवर लावायचं तपकिरी पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून चालतं.
- शीतपेयाची नळी
- असल्यास स्वयंपाकाचा तापमापी. ताप मोजायचा थर्मामीटर गरम पाण्यात किंवा पाकात चुकूनही बुडवू नका. तो ४२ अंशांपर्यंतच्या मापाचा असतो आणि फुटतो.

आदल्या रात्री एक काम करून ठेवा. ग्लासभर पाण्यात चमचाभर चुना ढवळा आणि झाकून ठेवा. सकाळी वर आलेली स्वच्छ निवळी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओतून बूच लावा. ही निवळी आपल्याला दोनदा लागणार आहे. चुना डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, आणि चुना किंवा आयोडीन घातलेलं काहीही तोंडात घालायचं नाही. हे दोन नियम मुलांना सुरुवातीलाच सांगा. गॅसपाशी मोठं माणूस हवंच.

१. पदार्थाच्या आधी पायऱ्या पाडा

आमची पहिली चूक इथे झाली. 'चहा' हा भौतिक बदल की रासायनिक? या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण चहा हा एक बदल नसून सात-आठ बदलांची साखळी आहे. म्हणून वहीत पदार्थाचं नाव लिहा आणि त्याखाली आपण हाताने काय काय करतो ते एकेक ओळीत उतरवा.

चहाचं असं झालं. गॅस पेटवला: सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ झाली, म्हणजे रासायनिक. याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. गार पाण्याचं पातेलं आचेवर ठेवलं की पहिल्या मिनिटात त्याच्या बाहेरच्या बाजूला दव धरतं. पातेलं गळत नसतं. जळणाऱ्या गॅसमधून तयार झालेलं पाणी गार भांड्यावर जमतं. इतकी वर्षं मी ते फडक्याने पुसून टाकत होते.

पुढे पाणी उकळलं: भौतिक. साखर विरघळली: भौतिक. आलं ठेचलं: भौतिक. चहाच्या पत्तीतला रंग आणि स्वाद पाण्यात उतरला: हा मुख्यतः भौतिक, पत्तीत होतं तेच पाण्यात आलं. पत्ती काळी मात्र कारखान्यात रासायनिक बदलाने झालेली असते. हिरवी पानं चुरगळून हवेत ठेवली की ती तांबूस-काळी पडतात. आणि दूध तळाला लागून करपलं, तर तो वास रासायनिक बदलाचा.

एका कपात दोन्ही प्रकार दिसले, तेव्हा मुलीची अर्धी भीती गेली.

२. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न: नवा पदार्थ तयार झाला का?

पुस्तकात रासायनिक बदलाच्या खुणा दिलेल्या असतात: बुडबुडे, रंगबदल, वास, उष्णता, साका (तळाशी बसणारा गाळ). या खुणा म्हणजे पुरावा नव्हे, तपासाची सुरुवात आहे. मुलं इथे हमखास फसतात.

बुडबुड्यांपासून सुरुवात करा. तीन भांडी घ्या. पहिलं गॅसवरचं पातेलं, त्यात उकळतं पाणी; दुसऱ्या ग्लासात नुकतंच उघडलेलं सोडावॉटर, तिसऱ्या ग्लासात चमचाभर खाण्याचा सोडा आणि त्यावर लिंबू. तिन्हीकडे बुडबुडे. पहिल्यातले बुडबुडे पाण्याचीच वाफ. दुसऱ्यातला वायू कारखान्यात दाबाखाली विरघळवलेला होता, झाकण उघडल्यावर तो बाहेर आला, पदार्थ जुनाच. तिसऱ्यात मात्र आधी नसलेला वायू तयार झाला. आता चुन्याची थोडी निवळी एका वाटीत घ्या, तिसऱ्या ग्लासातला वायू (फेस नव्हे, फक्त वरचा वायू) पाणी ओततो तसा वाटीवर अलगद ओता आणि वाटी हलवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खरंच ओतता येतो. निवळी दुधाळ होते. हे एकदोनदा करून पाहावं लागतं. पहिल्या वेळी आमचं लिंबूच वाटीत सांडलं आणि काही दिसलं नाही.

ढोकळ्यातला सोडा हेच करतो. आणि सोडा नुसता तापवला तरी तो विघटित होऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून आंबट काही न घालताही पीठ फुलतं.

सोडा आणि लिंबू घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही घालू नका. दाब वाढून बाटली फुटते, काचेची असेल तर इजा होते.

३. 'परत येतं का?' यावर विसंबू नका

'भौतिक बदल परिवर्तनीय, रासायनिक अपरिवर्तनीय' हे वाक्य मुलांच्या तोंडी बसलेलं असतं. बऱ्याच वेळा ते चालतं. पण त्यावर विसंबून ठरवलं तर दोन्ही बाजूंनी घसरायला होतं आणि दोन्ही उदाहरणं घरातच आहेत.

गहू दळले. पीठ परत गहू होत नाही. तरी बदल भौतिकच; दाण्यात होतं तेच पिठात आहे. नारळ खवला, दाणे कुटले, कोथिंबीर चिरली, तिथेही परत येणं नाही.

आता हळद. अर्धा चमचा हळद अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून दोन वाट्यांत वाटून घ्या. एका वाटीत गव्हाएवढा चुना टाका. पिवळं पाणी बघता बघता लालभडक होतं. कुंकू पूर्वी असंच हळदीपासून करत. आता त्याच वाटीत लिंबू पिळत जा. एका क्षणी लाल रंग जाऊन पुन्हा पिवळा येतो! हळदीतलं कुर्क्युमिन चुन्यासारख्या आम्लारी पदार्थात एक रूप घेतं आणि लिंबासारख्या आम्लात दुसरं. रेणूत बदल होतो, म्हणजे हा रासायनिकच, पण उलटवता येतो. दुसरी वाटी शेजारी तशीच ठेवा म्हणजे मूळ रंगाशी ताडून बघता येतं.

चुन्याऐवजी खाण्याचा सोडा वापरला तर रंग फार फिका बदलतो आणि मुलं म्हणतात, काहीच झालं नाही. सोडा पुरेसा आम्लारी नसतो. चुना किंवा कपड्याचा साबणच घ्या. आमटीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग लाल का होतो, याचं उत्तरही इथेच मिळून जातं.

४. साखर: एकाच पातेल्यात दोन्ही बदल

मिठापासून सुरू करा, कारण ते निर्धोक आहे. १० ग्रॅम मीठ मोजून पाण्यात विरघळवा, ताटात पसरून उन्हात ठेवा. एक-दोन दिवसांत पाणी उडून जातं. मीठ खरवडून वजन करा; ताटाला चिकटलेलं सोडलं तर तेवढंच भरतं. हा भौतिक बदलाचा स्वच्छ पुरावा.

साखरेचं काम जास्त मजेचं आहे. जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर साखर आणि अर्धी वाटी पाणी. साखर विरघळते, पाक उकळतो, पाणी उडतं, पाक एकतारी होतो. इथवर फक्त पाणी कमी झालं आहे. थोडा पाक बाजूला काढून घोटलात तर साखर पांढरीशुभ्र होऊन परत येते. म्हणजे एकतारी काय, गोळीबंद काय, भौतिकच.

आच चालू ठेवलीत तर १६० अंशांच्या पुढे कडेने सोनेरी रंग धरू लागतो आणि मग भराभर तांबूस होतो. वास बदलतो, चवीत कडवटपणा येतो. साखरेचे रेणू तुटून नवे पदार्थ झाले. हा कॅरमल पाण्यात विरघळवून वाळवलात तर साखर परत मिळत नाही.

एक बारकावा मला फार आवडला. गुलाबजामच्या पाकात चार थेंब लिंबू पिळतात, म्हणजे पाकाची साखर बसत नाही. हे का चालतं? गरम पाकात आम्लामुळे थोडी साखर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि त्या मिश्रणातून स्फटिक सहज धरत नाहीत. ना बुडबुडे, ना रंग, ना वास; तरी बदल रासायनिक. खूण दिसली नाही म्हणून बदल झाला नाही, असं म्हणता येत नाही.

पाक उकळत्या पाण्यापेक्षा खूप गरम असतो आणि अंगावर पडला तर चिकटून बसतो. कॅरमलची पायरी मोठ्यांनी करावी, मुलांनी हातभर लांबून बघावी.

तापमापी वापरणार असाल तर हेही लक्षात ठेवा: पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. आमच्याकडे ९८ लाच उकळलं. आम्ही आधी तापमापी बिघडला असं समजून दुसरा मागून आणला.

५. सुरी आणि पाटा: जिथे भौतिक बदल रासायनिक बदलाला वाट करून देतो

आता कांदा. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात आणि त्यांच्यावर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात असतं. अख्ख्या कांद्यात त्यांची गाठ पडत नाही, म्हणून अख्खा कांदा कितीही वेळ हातात धरला तरी डोळे झोंबत नाहीत. सुरीने पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि काही क्षणांत नवा, हवेत उडणारा पदार्थ तयार होतो. तो डोळ्यांच्या ओलाव्यात मिसळतो आणि पाणी येतं. या कामासाठी कांद्यात एक वेगळंच विकर असतं, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. तोवर जगभर कांदे चिरून रडणाऱ्या माणसांना पूर्ण कारण माहीत नव्हतं.

तेव्हा 'कांदा चिरणे' याचं खरं उत्तर: तुकडे होणं भौतिक, झोंबणं रासायनिक. मुलीने वहीत दोन ओळी केल्या. कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून चिरला की कमी झोंबतो, कारण थंडीत विकराचं काम मंदावतं. हा प्रयोग कुणीही करू शकतं.

वांग्याचंही असंच. कापलेली फोड हवेत काळी पडते, पाण्यात टाकलेली बराच वेळ पांढरी राहते. फोडीतलं विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काळपट पदार्थ बनवतं. पाण्यात फोडीला हवा लागत नाही. सफरचंद, बटाटा, कच्चं केळं यांची वेगळी टिपणं करायची गरज नाही, कारण तेच आहे.

पण या सगळ्यात माझं आवडतं उदाहरण म्हणजे फेसलेली मोहरी. आमच्या सासूबाई लोणच्यासाठी मोहरी फेसतात, आणि त्यांनीच सांगितलं की गरम पाणी घातलं तर मोहरी 'चढत' नाही. आम्ही ते ताडून बघितलं. मोहरी कोरडी कुटून तीन वाट्यांत एकेक चमचा घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीत दोन चमचे गार पाणी घालून चांगली फेसा. तिसरीत तेवढंच उकळतं पाणी. दहा मिनिटांनी तिन्हींचा वास घ्या (दुसरीचा लांबूनच). कोरडी पूड जेमतेम वास देते. गार पाण्यातली नाकात झणझणत जाते. उकळत्या पाण्यातली मवाळ आणि किंचित कडवट. मोहरीतलं विकर पाणी मिळाल्यावर काम करतं आणि झणका देणारा नवा पदार्थ तयार होतो. उकळत्या पाण्याने ते विकरच निकामी होतं.

फोडणीतली मोहरी झणझणीत का लागत नाही, हेही यातून सुटतं. तेलाच्या उष्णतेने विकर मरतं. मोहरी तडतडते ती मात्र भौतिक कारणाने: दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन दाणा फुटतो. ज्वारीच्या लाह्या फुटतात त्यामागेही वाफेचाच जोर असतो.

६. दूध: विरजणापासून तुपापर्यंत

एकच साखळी घेऊन सगळा धडा करायचा असेल तर दूध घ्या. चार दिवस लागतात, पण एवढा चांगला अभ्यास दुसऱ्या कशात होत नाही.

कोमट दुधाला विरजण लावलं की विरजणातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोज साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढते, सामू (आम्लतेचं माप, pH) ४.६ च्या आसपास उतरतो आणि केसीन हे प्रथिन गोठतं. दही लागलं: रासायनिक. दूध कढत असताना विरजण लावलं तर जिवाणू मरतात आणि दही लागत नाही. मुलांनी मुद्दाम एक वाटी तशी लावून बघावी.

दही फडक्यात टांगून चक्का केला: भौतिक, पाणी गळून गेलं. त्या पाण्याला हिरवट-पिवळी झाक असते ती रिबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची. ते पाणी टाकू नका, कणीक मळायला घ्या. चक्क्यात साखर घालून श्रीखंड: भौतिक.

सायीचं दही घुसळून लोणी काढलं: भौतिक. स्निग्धांशाचे विखुरलेले थेंब एकमेकांना चिकटून गोळा झाले. आता लोणी कढवायला ठेवा आणि मुलांना आवाज ऐकायला सांगा. सुरुवातीला चुरचुर येते, ती लोण्यातलं पाणी उडण्याची. तोवर भौतिक. चुरचुर थांबली की तापमान चढतं, तळाची बेरी तांबूस होते आणि कढलेल्या तुपाचा खमंग वास सुटतो. तो वास आणि बेरीचा रंग रासायनिक. तूप गार होऊन रवाळ झालं: पुन्हा भौतिक, आचेवर ठेवलं की वितळतं.

महिन्यांनी तेच तूप किंवा दाण्याचं कूट खवट लागलं तर तो हवेतल्या ऑक्सिजनने स्निग्धांशावर केलेला रासायनिक बदल, आणि तो नको असलेला. मुलांना पुस्तकात उपकारक आणि अपायकारक बदलांची उदाहरणं मागतात. दही आणि खवट कूट ही जोडी लिहून ठेवा.

७. तवा, कुकर आणि वादाच्या जागा

तव्यावरची भाकरी फुगते ती वाफेने. पाण्याची वाफ झाली की तिला दीड हजार पटींहून जास्त जागा लागते, आणि ती पापुद्र्याखाली अडकली की भाकरी टम्म होते. भौतिक. भाकरीवरचे तांबूस ठिपके मात्र रासायनिक: पिठातली साखर आणि प्रथिनं यांची उष्णतेने होणारी क्रिया. लुई-कामी माय्यार या फ्रेंच संशोधकाने ती १९१२ मध्ये मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. ही क्रिया साधारण १४० अंशांच्या वर वेग घेते. याचा सुंदर पुरावा मराठी घरात आहे. एकाच कणकेची पोळी तव्यावर टाका आणि त्याच कणकेच्या चकोल्या वरणात सोडा. पोळीला डाग पडतात, खमंग वास येतो. चकोल्या कितीही उकळल्या तरी फिक्याच, कारण वरणातलं पाणी तापमानाला शंभराच्या वर जाऊच देत नाही.

कुकर वेगळा नवा बदल करत नाही. आत दाब वाढल्यामुळे पाणी साधारण १२० अंशांना उकळतं आणि शिजण्याचं काम लवकर होतं.

आता वादाची जागा. भात शिजणं भौतिक की रासायनिक? शाळेच्या पुस्तकात 'अन्न शिजणे' रासायनिक बदलांच्या यादीत असतं. परीक्षेत तेच लिहावं, मुलांचे गुण त्यात घालवू नयेत. पण मूल खोलात विचारत असेल तर त्याला गप्प करू नका. भात शिजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची रचना मोडते. स्टार्चचा रेणू मोठ्या प्रमाणात तुटत नाही. रात्रीचा भात फ्रीजमध्ये कडक होतो आणि वाफवला की मऊ होतो, त्यामागेही स्टार्चच्या रेणूंचं जवळ येणं आणि सुटणं आहे. अंड्याचं पांढरं घट्ट होतं तिथे प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडून एकमेकींत अडकतात. हे सगळं रेघेवरचं आहे. निसर्गात दोन खाने आखलेले नाहीत, ते आपण समजण्यासाठी आखले आहेत, आणि बारा वर्षांच्या मुलाला हे कळतं.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट: चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजण्याआधी घालू नका. आम्लामुळे डाळीच्या पेशींच्या भिंती सुटायला वेळ लागतो आणि डाळ दाणेदार राहते. पालेभाजीतही आंबट शेवटी. आम्लाने हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग शेवाळी पडतो.

८. वहीत कसं लिहायचं

प्रत्येक पायरीला चार रकाने करा: काय केलं, काय दिसलं, नवा पदार्थ तयार झाला का, आणि कशावरून. चौथा रकाना रिकामा असेल तर तिसऱ्यातलं उत्तर खोडून ठेवा. शिक्षकांना पाठ केलेली यादी आणि करून बघितलेली यादी यातला फरक लगेच कळतो.

आमच्या वहीतली एक नोंद: 'मोहरी गार पाण्यात फेसली. दहा मिनिटांनी उग्र वास, नाकात झोंबलं. नवा पदार्थ: हो. कशावरून: कोरड्या पुडीला हा वास नव्हता, उकळत्या पाण्यातल्या पुडीलाही आला नाही.' एवढं पुरतं. 'मला वाटतं' असं वाक्य आलं की थांबून पुन्हा करून बघायचं.

फसलेले प्रयोगही लिहा. तारीख आणि वेळ टाका, दह्याच्या नोंदीत ती फार उपयोगी पडते.

९. घास तोंडात गेल्यावर

बहुतेक मुलं इथवर येऊन थांबतात, पण खरं काम तर पुढे आहे.

चावणं भौतिक. साध्या भाताचा किंवा भाकरीचा घास, भाजी-आमटी न घेता, मिनिटभर चावत राहा, गिळू नका. हळूहळू गोडसर लागू लागतो. लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्च तोडून माल्टोज साखर करतं. जिभेवरचा पुरावा झाला, आता ग्लासातला. भाताची पातळ, कोमट पेज दोन वाट्यांत दोन-दोन चमचे घ्या. एकीत थोडी लाळ घालून ढवळा. पंधरा मिनिटं कोमट जागी ठेवून दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब टाका. नुसत्या पेजेत निळा-काळा रंग येतो, म्हणजे स्टार्च आहे. लाळ घातलेल्या पेजेत तो फिका पडतो किंवा येतच नाही. पेज गरम असेल तर विकर मरतं आणि पेज दाट असेल तर पंधरा मिनिटं पुरत नाहीत. आमचं दोन्ही कारणांनी एकेकदा बिघडलं. या वाट्यांजवळ लिंबू आणू नका, त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं.

पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन प्रथिनं तोडतात: रासायनिक. जठर घास घुसळतं: भौतिक. लहान आतड्यात पित्तरस तेला-तुपाचे बारीक थेंब करतो, जसा साबण तेलकट कढईत करतो: हा भौतिक, नवा पदार्थ होत नाही. त्या बारीक थेंबांवर मग लायपेज हे विकर काम करून स्निग्धाम्लं वेगळी करतं: रासायनिक. कांद्याच्या वेळी सुरीने जे केलं, तेच इथे पित्तरस करतो. आधी तुकडे, मग क्रिया.

शेवटच्या प्रयोगासाठी उरलेली चुन्याची निवळी काढा. ग्लासात दोन बोटं घ्या, नळी बुडवा आणि मुलाला हळूहळू बाहेर फुंकायला सांगा. आत ओढायचं नाही, हे फुंकण्याआधी एकदा कोरड्या नळीने सराव करून घ्या, आणि फुंकताना चष्मा असू द्या. थोड्याच वेळात निवळी दुधाळ होते, सोडा-लिंबाच्या वायूने झाली होती तशीच. सकाळी खाल्लेल्या भाकरीतला स्टार्च ग्लुकोज झाला, पेशींमध्ये ऑक्सिजनबरोबर त्याची क्रिया झाली, आणि त्यातला कार्बन या श्वासातून बाहेर पडतो आहे. मुलीने दहाव्या ओळीत 'श्वास सोडणे' असं लिहिलं आणि 'कशावरून' या रकान्यात ती दुधाळ निवळी.